थंड असताना सुरू, तापली की बंद: स्वस्तात घेतलेल्या जुन्या बाईकचं नेहमीचं दुखणं

जुनी बाईक स्वस्तात मिळते तेव्हा तिच्याबरोबर एक वाक्य फुकट मिळतं: "विशेष काही नाही, फक्त कार्ब्युरेटर साफ करून घ्या." खरंच तेवढंच काम असतं तर विकणाऱ्याने ते आधीच उरकून चार पैसे जास्त लावले असते. अशा गाड्या मी नेहमी उघडतो आणि कार्ब्युरेटरवर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग) घेतलेला आळ बरेचदा खोटा निघतो. निदान पहिला गुन्हेगार तरी तो नसतो. म्हणून या लेखात त्याचा नंबर बराच उशिरा लागतो.

खालचं सगळं एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटरवाल्या फोर-स्ट्रोक बाईकबद्दल आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीतही टाकीचं झाकण, प्लग, बॅटरी, वायरिंग आणि टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट, तिच्याबद्दल पुढे) असंच तपासायचं. पण संशय पंप, इंजेक्टर किंवा सेन्सरवर आला की घरच्या पान्यांचं काम संपलं.

आधी लक्षणं नीट बघा

"बंद पडते" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कशी बंद पडते ते महत्त्वाचं.

चावी फिरवून बंद केल्यासारखी, एका क्षणात गप्प झाली तर करंटचा संशय घ्या. आधी आचके, मग रेस दिली तरी ओढत नाही, मग फटफट करत बंद, हे पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण. तापत जाईल तसा दम कमी होतो, सिग्नलला स्लो (रेस न देता इंजिनाचं चालू राहणं) टिकत नाही आणि बंद पडल्यावर किक हाताने दाबली तरी खाली जाईल इतकी हलकी लागते, तर व्हॉल्व्हकडे बघावं लागणार.

आणखी तीन खुणा. चोक ओढलेलाच ठेवला तर चालते, आत ढकलला की मरते: मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज पटकन खाली येत नाही, मध्येच लटकून राहतो: कुठूनतरी जादा हवा आत जाते आहे. उभ्या गाडीखाली कार्ब्युरेटरच्या नळीतून पेट्रोल टपकतं: फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरच्या भांड्यात पेट्रोल भरलं की ते थांबवणारी) नीट बसत नाही. यातल्या शेवटच्या खुणेला हलकं घेऊ नका. तेच पेट्रोल सिलिंडरमधून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा भपकारा आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

तपासणी बंद पडली त्याच जागी करा

हा आजार चिवट वाटतो त्याचं कारण साधं आहे. गाडी ढकलत घरी आणेपर्यंत ती थंड होते आणि सगळं ठीक दिसतं. प्लगला ठिणगी येते, पेट्रोल येतं, पहिल्या किकला सुरू होते. मग माणूस अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतो.

म्हणून मुद्दाम ती बंद पडेल अशी चालवा, घराच्या आसपासच. सोबत प्लगचा पाना, एक नवा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, पारदर्शक बाटली आणि फडकं ठेवा. बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत एकच प्रश्न सोडवायचा आहे: पेट्रोल नाही, की ठिणगी नाही? दोन्ही आहेत आणि तरी सुरू होत नाही, तर बहुधा सिलिंडरमध्ये दाब नाही. पुढचं सगळं या एका उत्तरावर उभं आहे.

बिनपैशाच्या गोष्टी

टाकीत पेट्रोल आहे का, हे झाकण उघडून डोळ्यांनी बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर करून बघा. मेनवर बंद पडणारी आणि रिझर्व्हवर चालणारी गाडी म्हणजे टाकीत पेट्रोल कमी किंवा कॉकची उभी नळी तुंबलेली. चोक पूर्ण आत गेला आहे का बघा. केबल गंजली की दांडा आत गेलेला दिसतो आणि खाली चोक अर्धा अडकलेला असतो. थंड इंजिनाला हे जादा पेट्रोल मानवतं, तापल्यावर त्यानेच प्लग काळा होऊन गाडी बसते. किल स्विच दोन-चार वेळा चालू-बंद करा आणि साइड स्टँडचा स्विच असेल तर त्यावरचा चिखल पुसा.

टाकीचं झाकण

एवढ्याशा झाकणाला वेगळा मथळा कशाला, असं वाटेल. पण या आजाराचं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

पेट्रोल खाली उतरतं तेवढीच हवा वरून टाकीत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र किंवा छोटी झडप असते. धूळ, गंज आणि पॉलिशचा मेण त्यात जाऊन बसला की टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोलची धार बारीक होत होत थांबते. उभी केली की हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. लोकांना वाटतं तापल्यामुळे बंद पडली. तिचा तापण्याशी काही संबंधच नसतो.

बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा "स्स" असा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर चोर सापडला. झाकण काढून उलटं करा. खालच्या रबरी वॉशरच्या कडेला किंवा मधल्या पत्र्याखाली ते छिद्र दिसेल, बहुतेक तपकिरी चिकटाने भरलेलं. केरोसीनमध्ये भिजवा, ब्रशने घासा, फुंकून हवा आरपार जाते याची खात्री करा. झाकण सैल ठेवून रोज फिरू नका. पावसाचं पाणी आत जाईल आणि ब्रेक मारला की पेट्रोल बाहेर उडेल.

पेट्रोल खरंच पोहोचतं का

कार्ब्युरेटरच्या तळाला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. बंद पडलेल्या गाडीत तो थोडा ढिला करून बाटलीत पेट्रोल घ्या. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असतात, त्यामुळे नळीचं तोंड सरळ बाटलीत धरा, आजूबाजूला कोणी सिगारेट ओढत नाही हे बघा आणि स्क्रू घट्ट केल्याशिवाय बटण दाबू नका. भांड्यातून भरपूर पेट्रोल आलं तर टाकी, कॉक, नळी, फिल्टर ही सगळी मंडळी निर्दोष. थेंबभर आलं तर मागे मागे जा: नळी कुठे मुडपली आहे का, सिलिंडरला चिकटून तापते आहे का, मधला छोटा फिल्टर गंजाने लाल झाला आहे का.

नळी काढून कॉकमधून धार बघायची असेल तर एक लक्षात ठेवा. काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो. इंजिन बंद असताना त्यातून पेट्रोल येत नाही आणि तो खराब नसतो.

बाटली मिनिटभर स्थिर ठेवून उजेडात धरा. तळाशी वेगळे, गोल, इकडून तिकडे पळणारे थेंब दिसले तर ते पाणी. जड असल्यामुळे ते भांड्याच्या तळाला बसतं आणि हादऱ्याने जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी) तोंडाशी आलं की गाडी मिसिंग करते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास आढळतं. शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा उग्र वास येतो. ते वाचवण्यात अर्थ नाही. टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतून टॉर्च मारा. नुसता लालसर डाग चालेल. पापुद्रे सुटत असतील तर टाकी साफ होईपर्यंत पुढची कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही.

प्लग

पेट्रोल आहे, तर आता ठिणगी. जुना प्लग काढण्यापूर्वी त्याच्या भोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. गरम अॅल्युमिनियममध्ये प्लग अडकत असेल तर जोर लावू नका, आटे निघून येतात.

काढलेल्या प्लगचा रंग वाचा. फिकट विटकरी असेल तर सगळं ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला. ओला, चकचकीत काळा म्हणजे ऑइल वर येतं आहे, आणि ती बातमी चांगली नाही. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापतं आहे. असा प्लग दिसल्यावर लांबच्या सवारीला निघू नका.

नवा प्लग टोपीत बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या स्वच्छ भागाला टेकवा आणि किक मारा. हे प्लगच्या भोकापासून लांब करायचं, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग अधांतरी ठेवून किक मारायची नाही. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ताण येतो. निळी, कडक, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी बाहेर दिसत असली तरी आत दाबाखाली ती पडेलच असं नाही, कारण दाबलेल्या हवेतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. "स्पार्क तर येतोय" म्हणून करंटला क्लीन चिट देणाऱ्यांची इथेच फसगत होते.

नव्या प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा. लहान गाड्यांत तो बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो. प्लगची टोपीही फिरवून काढून बघा. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून टोपी परत घट्ट फिरवा. एवढ्यावर बऱ्या झालेल्या गाड्या कमी नाहीत.

एअर फिल्टर

उघडा, बघा. काळा, तेलकट किंवा उंदराने घर केलेला असेल तर बदला. फिल्टर काढूनच टाकलेला असेल तर आधी तो बसवा आणि मग बाकीचं निदान करा, नाहीतर मिश्रणाबद्दलचा प्रत्येक निष्कर्ष चुकीचा निघेल.

बॅटरी आणि वायरी

मल्टिमीटर नसेल तर घ्या, अगदी साधाही चालतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन मध्यम रेसवर असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. रेस देऊनही आकडा बाराच्या आसपासच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे आणि तो बॅटरी शिजवतो आहे. हा आकडा का महत्त्वाचा? काही गाड्यांचं इग्निशन बॅटरीवर चालतं; बॅटरी उतरत गेली की ठिणगी मरते आणि विश्रांतीनंतर बॅटरी थोडी सावरली की गाडी परत चालते. मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) स्वतंत्र कॉइलवर चालणाऱ्या गाडीला मेलेल्या बॅटरीनेही फरक पडत नाही. तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते वायरिंगच्या नकाशावरून कळेल.

वायरींची एक फुकटची परीक्षा: गाडी न्यूट्रलमध्ये स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. कुठल्या तरी टोकाला इंजिन अडखळलं तर हँडलच्या मानेजवळची वायर आतून तुटली आहे. बाहेरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, म्हणून ती नजरेला सापडत नाही. बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थची वायरही काढून, पॉलिश पेपरने घासून परत कसा. आधीच्या मालकाने टेप गुंडाळून केलेले जोड दिसले तर प्रत्येक जोड संशयित समजा.

हवा घेतेय का

कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मध्ये रबरी जोड असतो. वयाने तो कडक होतो आणि तडकतो. हाताने वाकवून बघा, तड उघडेल तशी दिसेल. क्लॅम्प आणि नट कसून बघा. चालू इंजिनावर क्लीनर फवारून तड शोधायची पद्धत लोकप्रिय आहे, मला पटत नाही. तो द्रव भडकतो आणि सायलेन्सर एक वीत अंतरावर असतो.

टॅपेट: शांत इंजिनावर भुलू नका

आता कामाचा भाग. तापल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू, पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तर टॅपेट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) आणि तिला दाबणाऱ्या रॉकरच्या मध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. व्हॉल्व्ह तापून लांब होतो, त्याला ती जागा लागते. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आपल्या सीटवर आपटून आपटून खोल बसत जातो आणि फट कमी होते, विशेषतः एक्झॉस्टची. थंड असताना ती जेमतेम उरते. तापल्यावर उरतच नाही. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब निसटतो, स्लो कोसळते, गाडी बंद पडते आणि किक हलकी लागते. थंड झाली की फट परत येते. तापलेला वायू सतत व्हॉल्व्ह आणि सीटच्या मधून निसटत राहिला तर शेवटी व्हॉल्व्हची कड जळते आणि हेडचं काम निघतं.

बाजारातली लबाडी अशी की जुन्या इंजिनाचा टकटक आवाज लपवायला टॅपेट मुद्दाम आवळतात. गिऱ्हाईक कान लावतं, इंजिन एकदम शांत, खूश होऊन घेतं. जुन्या, भरपूर पळालेल्या गाडीचा टॅपेट अजिबात वाजत नसेल तर मला काळजी वाटते. थोडा वाजत असेल तर उलट बरं वाटतं.

मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा संच) लागतं आणि इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं लागतं. मॅग्नेटोवरची "टी" खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) बाहेरच्या खाचेशी जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का बघा. हलत नसतील तर कदाचित पिस्टन एक्झॉस्टच्या फेरीत वर आलेला आहे. आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. दोन्ही वेळा एक रॉकर गच्चच राहिला तर फट संपली आहे असं समजा. अशा इंजिनांत फट बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या घरात असते, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. पत्ती किंचित घासत सरकायला हवी. लॉकनट कसताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे कसल्यावर पुन्हा मोजा, मग इंजिन दोन फेरे फिरवून आणखी एकदा मोजा. कामाला तासभर लागतो. स्क्रूऐवजी शिमचे (पातळ चकत्यांचे) टॅपेट असतील तर हे काम मेकॅनिककडे द्या.

आता कार्ब्युरेटर

इथवर सगळं ठीक निघालं आणि गाडी चोकवरच चालते, तर स्लो जेट तुंबला आहे. उघडण्याआधी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा, म्हणजे परत तिथेच आणता येईल. फ्लोटचं भांडं काढल्यावर तळाला हिरवट-तपकिरी गाळ दिसेल. जेट बाहेर काढून उजेडाकडे धरा. आरपार गोल छिद्र दिसायला हवं. तार, सुई, पिन घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की तो जेट कायमचा जास्त पेट्रोल सोडतो. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, तरी उघडला नाही तर नवा जेट घ्या. फ्लोटच्या सुईच्या टोकाला गोल घासलेली कडी दिसली तर तीही बदला. रबरी डायफ्रॅम असेल तर त्यावर क्लीनर उडू देऊ नका, आणि उजेडात ताणून बारीक छिद्रं बघा.

तापल्यावर मरणारी कॉइल

बंद पडल्यावर नव्या प्लगलाही ठिणगी नाही, आणि थंड झाल्यावर आहे, तर इग्निशन कॉइल, मॅग्नेटोजवळची पल्सर कॉइल किंवा सीडीआय यांपैकी कोणीतरी. कॉइलच्या आत बहुधा बारीक तार तुटलेली असते. गरम होऊन पसरली की टोकं सुटतात. म्हणून थंड कॉइलचा रेझिस्टन्स मोजून "ओके" म्हणण्यात अर्थ नाही. बंद पडलेल्या क्षणी मोजा आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजा, आकडा खूप बदलला किंवा मीटरने सर्किटच तुटलेलं दाखवलं तर पार्ट गेला. सीडीआय मीटरवर धड तपासता येत नाही. त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सीडीआय थोडा वेळ लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग. तो न करता नवा विकत घेऊ नका. इलेक्ट्रिकचे पार्ट सहसा परत घेत नाहीत.

अजून विकत घेतली नसेल तर

गाडी बघायला गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. ते कोमट असेल तर तुम्ही येण्याआधी सुरू करून ठेवलेली आहे. उद्या थंड असताना येतो असं सांगा. मग किमान वीस मिनिटं चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. या आजाराची गाडी इथेच उघडी पडते. एक फेरी मारून परत या म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

टॅपेट बरोबर असूनही तापल्यावर किक हलकीच लागत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. निरोगी इंजिनांत आकडा सहसा १५० पीएसआयच्या आसपास असतो. १०० च्या खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात: वाढला तर रिंग आणि बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. काही इंजिनांत किक हलकी व्हावी म्हणून दाब सोडण्याची सोय मुळातच असते, तिथे आकडा कमीच येतो. बोअर-पिस्टनचं काम लेथ आणि मायक्रोमीटरशिवाय होत नाही, यूट्यूब बघून तर नाहीच.

रेस देताना सतत निळा धूर, ऑइलमध्ये चमकणारा धातूचा चुरा किंवा खालून येणारा जड ठोका, यांपैकी काहीही असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. प्लगचे आटे गेले असतील, पेट्रोलची गळती थांबत नसेल किंवा वायरिंग एकदा जरी तापून वितळलेलं दिसलं, तरी हात आवरा.

मेकॅनिकला "बंद पडते" असं सांगू नका. कशी बंद पडते, त्या क्षणी ड्रेन स्क्रूतून पेट्रोल आलं का, नव्या प्लगला ठिणगी होती का, टॅपेटची फट किती निघाली, बॅटरीचे आकडे काय, हे कागदावर लिहून द्या. काढलेला जुना प्लगही न पुसता सोबत न्या.